दुसऱ्या ओहळाच्या अलीकडे

१७ जानेवारी १९३७

दादाचं व्याख्यान दणक्यात झालं! वाचनालयाचा दिवाणखाना भरून माणसं जिन्यावर उभी. विषय — फेडरेशन आणि संस्थानं. नव्या योजनेत संस्थानिक सही करतील तरच संघात येणार, आणि येतानाही हा कायदा आम्हांला चालेल, तो चालणार नाही, असं सांगून येणार. दादाचा सगळा राग त्यावर. म्हणाला, "पंगतीला बसायचं आणि पानातलं निवडून निवडून खायचं, याला संघराज्य म्हणत नाहीत!" लोक काय हसले.

मग गाडी अमेरिकेला गेली. शंभर वर्षांपूर्वी तिथल्या दक्षिणेतल्या एका राज्याने जकातीचा कायदा आमच्या हद्दीत चालणार नाही म्हणून जाहीर करून टाकलं होतं म्हणे. पुढे गुलामांवरून तर यादवीच झाली. "हद्दीच्या आडोशाला अन्याय फार सुखात राहतो," हे त्याचं शेवटचं वाक्य. टाळ्या थांबेनात. माझा भाऊ म्हणून मीही जरा ताठ बसले होते!

घरी पंचवटीत परतताना चंदा आमच्या दोघांच्या मध्ये. बारावं लागलंय, पण प्रश्न वकिलाचे. "अप्पा, ती राज्यं सगळी वाईटच होती का?" दादा खूष. म्हणाला, "नाही गं. उत्तरेकडच्या काही राज्यांनी पळून आलेले गुलाम परत करायचा कायदा पाळायला साफ नकार दिला." — "म्हणजे हद्द ओलांडली की सुटला?" — "सुटला असं नाही. पण पकडायला आलेल्याला अडवणारं कोणीतरी होतं."

पूल संपला तरी ती मागे वळून बघत होती.

३ फेब्रुवारी

वहिनीच्या खोकल्यात पुन्हा रक्त. डॉक्टर दादाला बाहेर घेऊन गेले. आत आला तेव्हा चष्मा पुसत होता, पुसतच राहिला.

२१ फेब्रुवारी

चंदाला स्थळ आलंय. आलंय कसलं, दादाने आणलंय! पेठच्या पलीकडच्या संस्थानातले इनामदार, खंडेराव. वय तीस. पहिली बायको बाळंतपणात गेली. माणूस वाईट नाही म्हणतात. नसेल. पण चंदा बारा वर्षांची आहे!

मी म्हटलं, "दादा, सारडा कायदा झाला तेव्हा पेढे वाटलेस तू. चौदाच्या आत मुलीचं लग्न लावणाऱ्याला तुरुंग, हे मला तूच वाचून दाखवलंस." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तो कायदा इंग्रजी मुलखाचा, खालसाचा. संस्थानात चालत नाही. लग्न तिकडे लावायचं."

मला आधी वाटलं थट्टा करतोय.

"आणि तुझं व्याख्यान?" — "ते व्याख्यान होतं, कमळा." मग हळूच, "दिल्लीला ही फट बुजवायचं बोलणं चाललंय. पुढच्या वर्षी ही वाटही राहणार नाही. तुझ्या वहिनीला, सगुणाला तेवढा वेळ नाहीये गं."

दुसऱ्याला सांगे ब्रह्मज्ञान! पण तोंडावर म्हणवेना. नवव्या वर्षी लग्न होऊन अकराव्या वर्षी मी विधवा झाले तेव्हा याच दादाने सासरी येऊन मला खांद्यावर बसवून परत आणलं, शिकवलं, मास्तरीण केलं. जग त्याच्यावर थुंकलं तरी याने मान वळवली नाही. तो हाच का?

२२ फेब्रुवारी

वहिनीने जवळ बोलावलं. हातात हाडंच उरलीत. "वन्सं, मला चंदीवर अक्षता टाकायच्यात. दुसरं काही मागत नाही. मोडता घालू नका."

मी तिची गोधडी गळ्यापर्यंत ओढली.

चंदा दाराआड होती. सगळं ऐकलं तिने. दुपारी माझ्याजवळ भूगोल घेऊन बसली, त्या नकाशात संस्थानं पिवळी आणि खालसा गुलाबी. पिवळ्यावर बोट ठेवून म्हणाली, "इथे शाळा असेल?" मी म्हटलं असेल. नाहीये. मला माहीत आहे.

२१ मे

काल लग्न झालं. लिहायचंच.

पहाटे महेबूबच्या मोटारलॉरीतून निघालो. वहिनीला गादीवर निजवलेलं. मी जाणार नव्हते, पण चंदाने पदर सोडला नाही. पेठचा घाट चढताना वहिनीचा श्वास लागायला लागला. पुढे रस्ताच संपला. एक ओढा लागला, त्याला तिकडचे लोक ओहळ म्हणतात. महेबूब म्हणाला, "साहेब, अब गाडी इससे आगे नाय जायची. बाईंचं काय खरं नाय." ओढा ओलांडला की संस्थान, हे सगळ्यांना पाठ होतं. पाणी घोटाभर. वहिनीला गादीसकट उचलून पलीकडे नेलं. आंब्याची तीन झाडं होती. नवरदेवाकडची मंडळी वरून उतरून आली, आणि म्हणाली, बरं झालं, इथेच उरकू. गड्यांनी बाजूचे बांबू तोडले, मांडव उभा केला, घटकाभरात मंगलाष्टकं सुरू!

वहिनीने पडल्यापडल्या अक्षता टाकल्या. त्या चंदापर्यंत पोचल्याच नाहीत, गादीवरच सांडल्या. तरी ती हसली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मला तेव्हा दोघींचंही रडू आलं, आईचंही आणि लेकीचंही.

पंगत बसली न बसली तोच खाकीतला जंगलरक्षक हजर. गोटीराम नाव. "बांबू कोनी तोडला? परवाना हाय का?" दादा वकिली आवाजात उठला. "हे संस्थान आहे. इथे इंग्रज सरकारच्या रक्षकाचा काय अधिकार?" आधी हद्द सिद्ध करा, कायदा दाखवा, काय काय ऐकवलं त्याला! गोटीरामने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग डोंगराकडे हात केला. "साहेब, संस्थान त्या दुसऱ्या ओहळाच्या पल्याड. ते दगड दिसतात ना, ती शीव. हे तं सरकारचं जंगल हाय. तुमी खालसातच बसलाय."

दादा मटकन खाली बसला. कायद्याला चुकवायला एवढा डोंगर चढून आला, आणि लग्न लावलं कायद्याच्या मांडीवर! अर्ध्या मैलासाठी! मला हसू फुटलं. वेड्यासारखी हसले, आणि हसता हसता लक्षात आलं की चंदा माझ्याकडे टक लावून पाहते आहे. मुंडावळ्यांमधून तिचा चेहरा उजळला होता.

दादाने गोटीरामला बाजूला नेऊन काहीतरी मिटवलं. चंदाला सासरी मागाहून धाडायचं ठरलं, आणि तिला घेऊन आम्ही घरी परतलो.

२२ मे

सकाळी चंदाने न्हाणीघरात मला गाठलंच. "आत्या, आपण खालसातच होतो ना? मग लग्न झालंच नाही ना?"

अंगावर हळद तशीच. किती आशेने विचारत होती!

तो कायदा मी स्वतः पुन्हा पुन्हा वाचलाय. बेकायदा लग्न लावणाऱ्याला शिक्षा आहे. लग्न मात्र लग्नच राहतं. चोराला पकडायचं, आणि चोरलेलं परत द्यायचं नाही! हे बारा वर्षांच्या पोरीला कसं सांगायचं? सांगितलं. तिने ऐकून घेतलं. तांब्या बुडवला, डोक्यावर ओतला, पुन्हा बुडवला.

२४ जून

वहिनी गेली. दुपारी. चंदाच्या मांडीवर.

१६ जुलै

दादा कोर्टात जात नाही. दोन वेळा जेवतो, तेही चंदा वाढते म्हणून. पोरगी घरातली बाई होऊन बसलीय. काल त्याचा सदरा शिवत होती. मी म्हटलं शाळेत ये, म्हणाली, "अप्पांचं कोण बघेल?"

९ नोव्हेंबर

खंडेरावांकडून निरोप. घरात बाई नाही, मुलीला धाडा.

दादाला म्हटलं, निदान सोळा पुरी होऊ दे, मॅट्रिक होऊ दे. तो म्हणाला, "दिली तिथे दिली. त्यांच्या घरचा कायदा आता." मी म्हटलं, "त्यांच्या घरचा कसा? मांडव कुठे होता ते विसरलास? वर्षाच्या आत तक्रार केली तर तुला तुरुंग होईल. पाठवू नकोस तिला, नाहीतर मी करीन तक्रार."

पहिल्यांदा त्याने माझ्याकडे असं पाहिलं. राग नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "कर."

१० नोव्हेंबर

शाळेजवळ खोली घेतली. चूल नाही, एक शेगडी. चंदा भांडं भरून पिठलं घेऊन आली होती. भांडं घासून घेऊन गेली.

१२ जानेवारी १९३८

तक्रार दाखल केली. आरोपी — माझा भाऊ, यादव. त्याला तुरुंगात घालायचं नाहीये मला! देवा, हे तरी कोणाला पटेल? एकदा खटला उभा राहिला की खंडेराव पोरीला नेणार नाहीत, तो डाग अंगाला लावून घेणार नाहीत. खटला चालेल तितके दिवस चंदा इथे. मग वर्षभर, दोन वर्षं. तेवढंच मिळवायचंय मला, दुसरं काही नको.

सकाळी शाळेच्या भिंतीवर कोणीतरी कोळशाने लिहिलं होतं, भाऊखाऊ. मुलींनी पाणी आणून पुसलं. मला कळू दिलं नाही, पण ओली भिंत दिसलीच.

५ फेब्रुवारी

साक्षीदार एकेक करून गळाले. गोटीरामची बदली झाली, आणि त्याला म्हणे असलं लग्न आठवतच नाही. महेबूबला घरी जाऊन भेटले. त्याची बायको बिलकिस चहा ठेवत होती. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "बाई, मैं तो गाडीपाशी होतो. मला ओढे मोजता येतात का? साहेबांनी माझ्या भावाला सोडवलं होतं." बिलकिसच मध्ये बोलली, "पोर बारा की है, कुछ तो बोलो!" तो उठून गेला.

उरले मी आणि चंदा. माझ्या एकटीच्या बोलण्यावर भागणार नाही. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी पोरीला बोलावलंय. समन्स काढण्याआधीची चौकशी आहे, दहा मिनिटांचं काम म्हणाले.

१३ फेब्रुवारी

उद्या.

चंदा संध्याकाळी आली होती, दादाने सोडली कशी कोण जाणे. मी तिची वेणी घातली. म्हटलं, "घाबरू नकोस. काय पाहिलंस तेवढं सांगायचं. किती ओहळ ओलांडले? एक. बस." तिने मान हलवली. मी मग शाळेचं बोलत सुटले, जूनमध्ये इंग्रजी पहिलीत बसवीन, पुस्तकं माझ्याकडे आहेत, इथेच राहा माझ्याजवळ. किती दिवसांनी मी अशी बडबडले!

ती मध्येच म्हणाली, "आत्या, तुरुंगात चष्मा घालू देतात?"

मी म्हटलं, देत असतील. आणि एवढी शिक्षा होणारच नाही, दंडावर सुटेल.

"अप्पांना चष्म्याशिवाय पानातलं दिसत नाही," म्हणाली.

केसांना तेल जास्त झालं होतं. पदराने पुसून दिलं. जाताना तिने माझ्या पाया पडल्यासारखं केलं, मी उचलून धरली. हलकी फुलासारखी आहे अजून.

१४ फेब्रुवारी

साहेबांनी प्रेमाने विचारलं. चंदा सरळ उभी होती. म्हणाली, "दोन ओहळ ओलांडले. मांडव दगडांच्या पलीकडे होता, संस्थानात. आत्या गाडीत आईला धरून होती, तिला कळलं नाही."

साहेबांनी तक्रार फेटाळली.

दादा ओंजळीत तोंड धरून बाकावर बसून राहिला. बाहेर आल्यावर चंदाने माझं बोट धरलं आणि विचारलं, "आत्या, आता मला जायलाच हवं ना?"