ब्रायनीच्या रॅकेटचा उतरलेला सूर

मार्ल्स्टन,
मंगळवार, १८ जून

थोरल्या म्युरिएलताईला धाकट्या सेड्रिकचा सप्रेम नमस्कार,

तुझी तब्येत कशी आहे, भावोजींचा खोकला थांबला का आणि बागेतल्या गोगलगायींचा काही बंदोबस्त झाला का, हे आधीच विचारून घेतो. एकदा मुख्य मजकूर सुरू झाला की मला हे सुचणार नाही आणि तुलाही उत्तरं द्यावीशी वाटणार नाहीत. मी ठीक आहे. भूक शाबूत आहे.

ब्रायनीनं तुला फोनवर सांगितलंच असेल, की मामा मॅचला आला आणि मामामुळे मी जिंकले. यातलं पहिलं वाक्य खरं आहे. दुसऱ्याबद्दल तुला तिच्या आईच्या नात्यानं सविस्तर कळायला हवं.

पियानो सुरात लावायचं काम सोडून मला चार वर्षं झाली, पण कान काही निवृत्त झाले नाहीत. गेल्या हिवाळ्यात टीव्हीवर टेनिस बघताना (खरं तर ऐकताना, चष्मा दुरुस्तीला होता) माझ्या लक्षात आलं, की रॅकेटच्या तारा सैल पडू लागल्या की चेंडूचा आवाज उतरतो आणि आवाज उतरला की पुढच्या दोन-तीन गेममध्ये तो खेळाडू स्वतःच्या सर्व्हिसचा गेम हमखास हरतो. हल्ली मॅच चालू असतानाच फोनवरून पैज लावता येते. दर पॉइंटला भाव बदलतात. सगळी दुनिया बघून पैज लावते, मी ऐकून लावू लागलो. एप्रिलपर्यंत नऊदा लावली, सातदा जिंकलो. (उरलेल्या दोन वेळा शेजारी भिंतीला भोकं पाडत होते.) अडचण एकच. टीव्हीवरचं चित्र काही सेकंद उशिरा येतं, त्यामुळे मला सूर ऐकू येईपर्यंत भाव पडलेला असायचा. म्हणजे कोर्टाच्या कडेलाच जाऊन बसणं आलं.

आमच्या क्लबात महिलांची छोटी व्यावसायिक स्पर्धा होती (अशा मॅचवरही पैजा लागतात) आणि ब्रायनी खेळणार होती. मी तिच्याकडे पास मागितला. ती इतकी खूश झाली की मला जरा अवघडल्यासारखं झालं. म्हणाली, "चौदा वर्षं खेळतेय, मामा, आणि तू पहिल्यांदा येतोयस!" मी हवामानाबद्दल काहीतरी बोललो. तिनं 'खेळाडूचे कुटुंबीय' असं छापलेलं कार्ड माझ्या गळ्यात अडकवलं.

तिच्या मॅचवर पैज लावायचा माझा विचार नव्हता, हे कृपया लक्षात घे. मी नंतरच्या मॅचसाठी गेलो होतो. पण समोर कुणीतरी उंच हंगेरियन मुलगी, प्रेक्षक तेवीस (एक कुत्रा धरून), ब्रायनी पहिला सेट हरलेली, आणि तिच्या रॅकेटचा आवाज चक्क अर्धा स्वर उतरलेला. मी पन्नास पौंड हंगेरियन मुलीवर लावले. ताई, त्यात आकस काही नव्हता. पियानो बेसूर आहे हे सांगताना तो कुणाच्या घरचा आहे हे आपण बघत नाही.

त्यानंतर ब्रायनी जिंकायलाच लागली. भाव बदलत होते म्हणून मी आणखी लावत गेलो. तिचा डबल फॉल्ट झाला की आशेनं अर्धवट उठायचो, आणि तिला वाटायचं, मामा धीर द्यायला उठतोय. ती मान हलवायची आणि पुढची सर्व्हिस जोरात मारायची. एकदा तर तिथूनच ओरडली, "थँक यू, मामा!" मी हात वर केला. हातात फोन होता.

तो हॉलिस नावाच्या गृहस्थांनी पाहिला. पैजांवर लक्ष ठेवायला स्पर्धेनं त्यांना नेमलं होतं. त्यांनी शेजारी बसून अदबीनं विचारलं, "दर पॉइंटला काय टाइप करताय, साहेब?"

"बहिणीला स्कोअर कळवतोय."

"दाखवता का जरा?" असं म्हणून त्यांनी माझ्या गळ्यातलं कार्ड उलटं केलं आणि मागची बारीक अक्षरं वाचून दाखवली. खेळाडूच्या पासवर आलेल्यानं पैज लावली, तर बंदी खेळाडूवर. चौदा वर्षं, ताई. मी फोन त्यांच्या हातात द्यायला गेलो आणि तो वाटेत, शेजारच्या बाईंच्या सरबताच्या भांड्यात पडला.

"अहो, त्यात पुदिना घातलाय!" त्या किंचाळल्या.

फोन पुन्हा सुरू झाला नाही. इतक्यात ब्रायनी जिंकून धावत आली. हॉलिसांचा संशय ऐकून ती पोट धरून हसली. "मामा आणि पैज? अहो, याला साधं आइस्क्रीम निवडायला दहा मिनिटं लागतात!" मग तिनं मला मिठी मारली. घामानं माझा शर्ट भिजला. मी तारांबद्दल विचारलं. म्हणाली, "मुद्दाम सैल बांधते. खांद्याला बरं पडतं. आईला माहितीये की!"

म्हणजे तुला एक फोन केला असता तरी भागलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या पुढच्या मॅचला मी फोनशिवाय बसलो. सर्व्हिसच्या आधी ती चेंडूशी काहीतरी पुटपुटते, हे मला तेव्हा दिसलं. ती हरली. मला वाईट वाटलं, आणि त्यात माझी एक पेनीसुद्धा नव्हती. हे मला नवीन आहे. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. सांगायला गेलो, तर तिनं माझ्या हातात आइस्क्रीम दिलं.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
सेड्रिक

ता. क. हॉलिसांना शुक्रवारपर्यंत घरातल्या जबाबदार व्यक्तीचं लेखी निवेदन हवं आहे, की मला पैजेचा नाद नाही. तू वीस वर्षं न्यायासनावर बसलीस, तुझ्या शब्दाला वजन आहे. मुलीच्या भवितव्याचा प्रश्न आहे म्हणून विचारतो, नाहीतर मी पत्र लिहिण्याच्या भानगडीत पडत नाही, हे तुला ठाऊक आहे.

ता. क. २. तुला खोटं लिहावं लागू नये म्हणून "माझ्या डोळ्यांदेखत त्याने कधीही पैज लावलेली नाही" एवढंच लिही. बाबांच्या अंत्यविधीच्या दिवशीचा घोडा यात धरू नकोस. त्या वेळी प्रार्थना चालू होती आणि तुझे डोळे मिटलेले होते. (घोडा पहिला आला. त्याच पैशांची फुलं तुला फार आवडली होती.)