दारूखान्याची सफेदी

इंदापूर, ता. ४ जाने. १९३६
सडक रुंद करायची, त्यात आमचं घर पाडणार. कचेरीचा माणूस सांगून गेला. घर कसलं, कंपनीच्या काळातला गोऱ्या पलटणीचा दारूखाना, म्हणजे दारू प्यायचा गुत्ता. आजोबांनी घेतला. पुढं आमचं चहाचं दुकान, मागं बिऱ्हाड. १६ला पुण्याहून जुन्या इमारतींचे साहेब बघायला येणार. ‘जपण्याजोगी’ म्हणाले तर वाचलो. नाहीतर चंबूगबाळं आवरा नि चालते व्हा.

ता. ९
साहेबांना काय दाखवायचं ते थोरल्या भावाला, दादांना, सांगून ठेवलं. दारू ओतायचा सागवानी कट्टा, आणि भिंत. चढली की गोरे संगिनीनं गिलाव्यात नावं कोरीत. त्यांच्यावर बोट फिरवत मी इंग्रजी अक्षरं शिकलो. सगळी नावं अजून पाठ.

ता. १५
गूळ-चहापत्तीसाठी बारामतीस गेलो, मुक्काम पडला. आज येऊन बघतो तर डोकंच फिरलं! साहेब येणार म्हणून दादांनी नावांच्या खाचा लुकणानं बुजवल्या, वर चुन्याचे दोन हात दिले. कट्ट्याला हिरवा तेलरंग. वर मलाच विचारतात, कसं दिसतंय. लग्नकार्य असो की पाहुणा, आधी सफेदी. रीतच आमची. पण इथं...
थोरल्यांना काय बोलणार? वहिनीवर ओरडलो. तिचा काय दोष. जेवलो नाही.

ता. १६
साहेब आले. दादा नवा फेटा बांधून दारात. साहेबांनी भिंतीवरून हात फिरवला, तळवा पांढरा झाला. मला म्हणाले, “यात जुनं काय राहिलंय?” नावांचं सांगितलं, सगळी म्हणून दाखवली. ऐकून घेतलं. वर कळवतो म्हणाले. चहा अर्धा टाकून गेले. दादांना आत्ता कुठं उमजलं. मोटारीमागं सडकेनं चालत गेले.

ता. १९
हसनभाई गवंडी म्हणतो, चुना ओला करून लाकडी पट्टीनं हळू काढा, तरी जुना गिलावा संगं येणारच. दादा कालपासून पट्टी घेऊन भिंतीपुढं बसलेत. दुकान बंद. राग गेला माझा, नुसती धास्ती उरली.
दुपारी पहिलं नाव वर आलं. दादांना अक्षरओळख नाही.
“समदं हाय न्हवं? वाच की.”
मी सगळं नाव म्हणून दाखवलं. भिंतीवर अर्धंच होतं.
दादांनी पुढच्या नावावर पाणी मारलं.