परत आलेली गाठ

१४ नोव्हेंबर २००५

गाठ परत आली! एकवीस वर्षांत पहिल्यांदा. आम्ही सरकीवरची लव साफ करून, गाठी बांधून पाठवतो, पुढे दारूगोळ्याच्या कारखान्यात तिची तोफेची दारू होते. तिथल्या साहेबानं गाठीला चिठ्ठी टोचलीय — आत केस सापडला. केसही पाकिटात घालून पाठवलाय. लांब, मेंदीचा लाल. तपासनीस म्हणून गाठीवर सही माझी. मार्चमध्ये निवृत्ती, आणि आता हे.

१५ नोव्हेंबर

पंधरा बायांना ओळीनं उभं केलं, टोप्या काढायला लावल्या. लाल डोकं एकच — रहमतबी. अकरा वर्षं रोजंदारीवर. एक तारखेला ज्यांना कायम करायचंय, त्या यादीत पहिलं नाव तिचंच.

"मॅडम, माही मेंदी ईदची हाय, मुळापर्यंत लाल. हा केस त बुडाशी पांढरा हाय. पाहा ना."

पाहिला. बोटभर पांढरा. म्हटलं, मला शिकवू नकोस.

मागून इंदूबाई पुटपुटली, "टोपी त मॅडमच नाही घालत."

टोपी मजुरांनी घालायची असते. कोण बोललं ते मी लक्षात ठेवलंय.

२० नोव्हेंबर, रविवार

डोक्याला मेंदी लावली. दोन महिने राहूनच गेली होती.

२१ नोव्हेंबर

रहमतबीला काढलं. यादीतलं नाव मीच खोडलं, पट्टी लावून, सरळ रेघ. तिनं टोपी घरून धुऊन आणली होती. घडी करून माझ्या टेबलावर ठेवली आणि गेली. चार शब्द बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुपारी तिचा नवरा नजीर फाटकावर. शिपायाला विचारत होता, "काहून काढलं तिले? घरी काहीच बोलून नाही राह्यली ते." मॅडम नाहीत म्हणून सांगायला लावलं. खिडकीतून दिसत होता. तासभर उभा होता, सायकल धरून.

फाटकाबाहेर राळेगावकडच्या बायांची गर्दी. यंदा कापसाला कुत्रं विचारत नाही, वेचायला कोण बोलावणार? त्यातलीच एक धडधाकट पाहून रहमतबीच्या जागी बसवली. वाईट वाटलं थोडं. डबा संपवला मात्र.

१ डिसेंबर

यादी लागली. पहिलं नाव आता इंदूबाईचं. पेढा घेऊन आली. मी घेतला, खाल्ला नाही.

७ डिसेंबर

इंदूबाईची गाठ तपासताना लवेत केस. लाल. ह्या वेळी मुळापर्यंत. तिनं केस पाहिला, मग माझ्या डोक्याकडे पाहिलं. रहमतबीला जाऊन सोळा दिवस झालेत.

जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बाहेर गेल्या. लाल केस मी रुमालात गुंडाळला. खुंटीवरची इंदूबाईची टोपी उलटी केली. आत चार काळे केस होते.

लवेत ठेवायला एक पुरला.