मल्हारीचा चुकता ठोका

जवळा बाजार,
ता. ४ नोव्हेंबर १९७४

ती. दाजी व ताई यांस नामाजीचा सा. न. वि. वि.

तुमच्या मल्हारीचा दोन दिवसांचा मुक्काम मला केवढ्याला पडला, ते आधी सांगतो. कोंबडी एक, तूप अर्धा गडू, आणि गिऱ्हाईक एक. कोंबडी-तूप भाच्याच्या पोटात गेलं, त्याची तक्रार न्हाई. गिऱ्हाईक गेलं ते माझ्या कानापायी. पोराची छाती नीट ऐकू यावी म्हणून दुरुस्त होऊन दुकानात चालतं इंजन मी बंद केलं, अन् इंजनाचा मालक समजला, ते पुन्हा बिघडलं!

जिल्ह्याच्या शर्यतीला निवडलेल्या पोरांच्या तपासणीत डॉक्टर बोलले ते खरं आहे. तीन ठोके सरळ पडतात अन् चौथा गिळला जातो. औरंगाबादेत छातीच्या ठोक्यांची पट्टी काढा, मगच पळवा, असं त्यांनी सांगितलंय. दिवाळी झाली की मी स्वतः घेऊन जातो. तोवर माझं ऐका. वीस वर्षं ऑइल इंजनं दुरुस्त करून राहिलो. ठोका चुकणारं इंजन कुणी लोडवर, कामाला जुंपत नसतं. पोराला बाजेवरून उठू देऊ नका. जानेवारीची शर्यत हुकली तर हुकली, पोरगं हुकायला नको.

ताईला म्हणावं, रडू नको. तुमचा लोभ आहे म्हणून एवढं हुकमानं लिहिलं.

आपला,
नामाजी

गोरेगाव,
ता. ११ नोव्हेंबर १९७४

चि. नामाजीस संतरामचे अनेक आशीर्वाद.

तुमी लिहिलं तसं बराबर चालू आहे. मेंढरांमागं आता मी जातो अन् मल्हारी बाजेवर. आजारी माणूस म्हणून तुमची ताई त्याला घडीघडी चहा देते. जेवण झालं की ती त्याच्या छातीला कान लावते, मग माझी आई, मग शेजारच्या नर्मदाबाई. पोराची छाती म्हणजे गावची चावडी झाली.

पण सुख न्हाई. आधी चौथा ठोका गिळायचा, आता तिसराच गिळतो. जितकं निजवावं तितकं वाढून राहिलं. पोरगं मात्र चिडलंय. म्हणतं, मला दुखत न्हाई, दम लागत न्हाई, चक्कर न्हाई, तुमच्या कानालाच आजार झालाय. काल ते कुणाशी बोललं न्हाई. त्याचे पळायचे बूट त्यानं उशाखाली ठेवलेत.

काहून उशीर करता? इंजनं थांबतील, लवकर या. माया अशीच ठेवा.

संतराम

जवळा बाजार,
ता. २४ नोव्हेंबर १९७४

ती. दाजींस सा. न. वि. वि.

पोराला कालच गोरेगावच्या जीपमध्ये बसवून दिलं, तरी हे पत्र ताईला मोठ्यानं वाचून दाखवा. पोराच्या सांगण्यावर तिचा इश्वास बसायचा न्हाई.

औरंगाबादेत डॉक्टरीणबाई होत्या, वयानं आपल्या धाकट्या बहिणीएवढ्या. हातापायांना तारा लावून त्यांनी लांब पट्टी काढली. छातीचा फोटोही काढला. घराण्यात कुणी तरणंताठं एकाएकी गेलं का, पळताना हा कधी बेशुद्ध पडला का, हे फिरून फिरून विचारलं. दोन्ही न्हाई म्हटल्यावर त्याला जिने चढा-उतरायला लावलं अन् घामाघूम झाल्यावर लगेच पुन्हा पट्टी घेतली. दाजी, एकही ठोका चुकला न्हाई!

मी इंजनाचं गणित सांगितलं. बाई हसल्या. म्हणाल्या, मामा, ठोका गिळला जात नाही, एक जरा घाईनं येतो अन् पुढं थोडी उसंत पडते. निवांत पडल्यावर असे ठोके जास्त दिसतात, पळताना ते पुसले जातात. म्हणजे आपण त्याला निजवून कान लावत होतो, म्हणून वाढत होतं. त्यात ताईचा चहा! तो कमी करायला सांगितलाय.

तर बाज उचला. पोरगं पळेल. पण दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. पळताना चक्कर, छातीत दुखणं, डोळ्यापुढं अंधारी असं काही झालं तर जागीच थांबायचं अन् औरंगाबाद गाठायचं. आणि काही होवो न होवो, वर्षातून एकदा पट्टी काढायची. पट्टी चांगली आली म्हणून डॉक्टर सुटत न्हाईत.

ताईला दंडवत. आहे तो लोभ वाढत जावा.

नामाजी

गोरेगाव,
ता. १५ डिसेंबर १९७४

चि. नामाजीस आशीर्वाद.

बाज गोठ्यात नेऊन टाकली. मल्हारी पहाटे शेताच्या वाटेनं पळतो अन् दिवसा मेंढरांमागं. तुमच्या ताईची सवय गेली न्हाई. तो पळून आला की ती कान लावते, अन् आता सगळं सरळच ऐकू येतं म्हणून तिचाच जीव खालीवर होतो.

इथं सगळ्यांना सांगून ठेवलंय, परभणीच्या शर्यतीचा पेला गोरेगावात येतोय. या पोराच्या पुढं पळणारं लेकरू पाच तालुक्यांत जन्मलं न्हाई. भिंतीतली देवळी झाडून पेल्याला जागा केली. तुमी पेढे घेऊनच या.

तुमची आठवण निघत राहते, तशी निघत राहो.

संतराम

परभणी,
ता. १३ जानेवारी १९७५

ती. दाजी व ताई यांस सा. न. वि. वि.

शर्यत झाली. मी कडेकडेनं सायकलवर होतो. चक्कर न्हाई, तकलीफ न्हाई. संपल्यावर मनगट धरून पाहिलं, ठोका घड्याळासारखा. मग हॉटेलात बसून त्यानं एकट्यानं दोन प्लेट भजी खाल्ली, अन् पुढच्या वर्षी कसं पळायचं ते मला समजावत बसला. इतक्या दिवसांनी त्याला एवढं बोलताना पाहिलं. उद्या गाडीनं पाठवतो. दोघांनी निर्धास्त झोपावं, अन् मामावर लोभ राहू द्यावा.

आपला,
नामाजी

ता. क. चोवीस पोरं पळाली. मल्हारी सतरावा आला.