घड्याळ लावून सांगितलेलं मत

१० मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सोबत सरावाचा निबंध पाठवते आहे. विषय होता, ‘माणसाने स्थैर्य निवडावे की संधी?’ अर्ध्या तासात लिहिला. तू इतकी वर्षं याच प्रवेशपरीक्षेचे निबंध तपासलेस, तेव्हा भाची म्हणून दयामाया दाखवू नकोस. बोलताना अडखळणाऱ्यांना बोलतं करायचा तो अभ्यासक्रम, त्याला वयाची अट आहे. यंदा हुकलं की संपलं. मग जन्मभर मी आणि पाणीपुरवठ्याची तक्रार-खिडकी!

आज एका गृहस्थांनी नळाचं गढूळ पाणी बाटलीत भरून आणलं आणि मीच ते पिऊन दाखवावं म्हणून हटून बसले. मी नेहमीसारखं म्हटलं, तुमचंही बरोबर आहे. मागे आमचा फिटर धुमसत उभा होता, त्यालाही म्हटलं, तुझंही बरोबर आहे. दोघंही माझ्यावरच चिडून गेले.

अण्णांना अजून सांगितलेलं नाही. ही ऑफिसातल्या बढतीची परीक्षा आहे असं ते धरून चाललेत आणि मी चालू दिलंय. दादा फोनवर म्हणतो, तू परगावी गेलीस तर अण्णांकडे कोण बघणार? स्वतः मात्र महिना महिना फिरकत नाही. जीव नुसता टांगणीला लागलाय. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून स्वयंपाकघरात, माझ्या येरझाऱ्यांनी खालच्या काकू वैतागल्यात. उत्तर लगेच धाड.

तुझ्या शिव्यांची वाट पाहणारी,
ठकी

१६ मे

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

आधी एक सांग, मला दूधखुळी समजतेस का? अख्ख्या निबंधात एक खाडाखोड नाही! घड्याळ लावून लिहिणाऱ्याचा कागद कोंबड्यांनी उकरल्यासारखा दिसतो. तू निबंध लिहिलास आणि मग ऑफिसातल्या उत्तरासारखी त्याची स्वच्छ प्रत काढलीस. परीक्षेत तुला स्वच्छ प्रत काढायला कोण देणार आहे, बाई?

गुण सहापैकी तीन. भाषा गोड, उदाहरणं चपखल, पण मत कुठाय? एक परिच्छेद ‘एकीकडे’, पुढचा ‘दुसरीकडे’, आणि शेवटी ‘ज्याने त्याने ठरवावे’. अगं, ठरवायचं तुला होतं! लहानपणी अण्णा आणि तुझी आई भांडले की तू या खोलीतून त्या खोलीत दोघांचे निरोप गोड करून पोचवायचीस. घरात ते खपलं. तपासणाऱ्याला असा निरोप्या नको असतो.

आता नीट ऐक. पहिल्याच परिच्छेदात ठोकून सांगायचं, मला हे वाटतं. दुसऱ्या बाजूला एक परिच्छेद द्यायचा, अगदी मनापासून द्यायचा, पण एकच. मग परत आपल्या म्हणण्यावर यायचं आणि तिथेच थांबायचं.

अण्णाचं माझ्यावर सोड. कितीही झालं तरी माझा धाकटा भाऊ आहे. मी त्याला लिहिते.

जेवणखाण वेळेवर करत जा. माया आहेच, ती गुणांत धरू नकोस.

तुझी,
आत्या

२८ मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दुसरा निबंध सोबत आहे. गजर लावून लिहिलाय, कोंबड्यांसकट.

तुझं पत्र अण्णांना मिळालं. वाचून त्यांनी ते माझ्यापुढे सरकवलं. काय लिहिलंयस गं ते! एकीकडे पोरीची हौस आहे, दुसरीकडे तुझे गुडघे आहेत, एकीकडे तिचं वय निघून चाललंय, दुसरीकडे घर ओस पडेल, शेवटी ज्याने त्याने ठरवावे. आत्या, सहापैकी दोन! आणि एक खाडाखोड नाही!

अण्णांनी एवढंच विचारलं, बढतीसाठी गाव सोडून जावं लागतं असं कोणतं ऑफिस आहे हे? मी म्हटलं, तुमचंही बरोबर आहे, आणि गॅलरीत पळाले. तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात. दिवसभर चष्मा पुसत बसतात. परीक्षा तोंडावर आली आणि माझं डोकं ठिकाणावर नाही. तुझा खूप राग आलाय. माझा त्याहून जास्त.

रागावलेली, तरी तुझीच,
ठकी

३ जून

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

लागलं गं. दोन गुणसुद्धा जास्तच दिलेस.

खरं सांगते. तू गेलीस तर अण्णापाशी मला यावं लागेल, या भीतीने माझी लेखणी दोन्हीकडे वाकली. ही माझी खोली, ही खिडकी, आता सोडवत नाही. काल मीही गजर लावला आणि त्याला पुन्हा लिहिलं: पोरीला जाऊ दे. खाली माझी भीतीही लिहिली, एकच परिच्छेद. खाडाखोड भरपूर आहे.

तुझ्या निबंधाला पाच. सहावा गुण माझ्या हातात नाही. ज्याच्यापुढून गॅलरीत पळालीस त्याच्याकडून घे.

चूकभूल पोटात घाल.

तुझी,
आत्या

९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं दुसरं पत्र पोचलं. काल संध्याकाळी ठकीने टेबलावर घड्याळ ठेवलं, मला समोर बसवलं आणि गजर होईपर्यंत मधे तोंड उघडायचं नाही असं बजावलं. मग म्हणाली, मी जाणार आहे. त्यानंतर माझ्याबद्दल बोलली. माझे गुडघे, माझ्या गोळ्या, दिवेलागणीला मला घर खायला उठतं ते. मी कधी बोललो नव्हतो, तिला सगळं ठाऊक होतं. मग परत म्हणाली, मी जाणार आहे. रडली, पण ‘तुमचंही बरोबर आहे’ म्हणाली नाही. मला फार राग आला आणि फार बरंही वाटलं.

आज तेच घड्याळ माझ्यापुढे सरकवून म्हणाली, आता तुमची पाळी. म्हणून हे पत्र. खोडलंय ते वाचू नकोस, आधी मी भलतंच लिहीत होतो.

माझं मत असं की तिने जावं.

दुसरी बाजूही लिहितो. मला ती जायला नको आहे. ती येरझाऱ्या घालते तेव्हा घरात कुणीतरी आहे असं वाटतं. त्या थांबल्या की मी काय करीन, मला माहीत नाही.

पण तिने जावं. तू तुझ्या खोलीतच राहा, दादाला मी फैलावर घेतो.

गजर झाला. ती मघापासून दारात उभी आहे, काय लिहिलं ते विचारत नाही. पाकीट न चिकटवता तिच्याच हातात देतो आहे, टपालात तीच टाकेल.

लोभ धर आणि गुण कडक दे.

तुझा धाकटा,
अण्णा