बटण अजून हवेतच आहे

दि. ४ जानेवारी

चि. बाब्यास,
अ. उ. आ.

तुझं खोकं काल पोचलं. दोन माणसांनी धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर चढवलं. उघडलं तर आत संगणक, वय महिने सात. जुना झाला, कुणाच्या उपयोगी पडला तर बघ, असं चिठ्ठीत लिहिलं आहेस. अरे, त्याच्या पडद्यावरचं प्लास्टिकसुद्धा तू अजून पुरतं सोललेलं नाहीस!

हा तिसरा. पहिल्यावर आई दोऱ्यांची रिळं ठेवते. दुसऱ्यावर बसून आमचे हे बूट घालतात आणि बैठक उत्तम असल्याचं प्रशस्तिपत्रही देतात. तिसऱ्याला काय काम द्यावं या विचारात आहे. आमच्या ग्रंथालयात तेरा वर्षांचा एक संगणक आहे. रोज सकाळी कण्हत उठतो आणि संध्याकाळपर्यंत राबतो. तो म्हातारा झाल्याचं त्याला अजून कुणी कळवलेलं नाही.

आई मात्र रोज विचारते, बटण पडलं का. कोट शिवता शिवता ती आपल्याला सांगायची ती गोष्ट, साहेबाच्या कोटाचं निळं बटण तुटतं, जिना उतरतं, रस्ता ओलांडतं आणि शेवटी एका लहान मुलीच्या कोटावर जाऊन बसतं, तिचा तू संगणकावर सहा मिनिटांचा अ‍ॅनिमेशन चित्रपट करणार असं जाहीर केलंस त्याला पाच वर्षं झाली. पहिल्याच दृश्यात बटण कोटावरून सुटतं. तीन यंत्रं होऊन गेली, ते अजून जमिनीला लागलेलं नाही.

कळावे. लोभ आहे तो असू दे, पुढचं खोकं मात्र पाठवू नकोस.

तुझी
ताई

दि. १५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. त्यातले टोमणे मोजून घेतले, नऊ भरले. भाऊजींना बैठक आवडली हे वाचून श्रमाचं सार्थक झालं.

तुला वाटतं मला हौस आहे. मागच्या जूनमध्ये ते यंत्र घेतलं तेव्हा दुकानदाराने त्याच्या पाठीवर हात ठेवून, पाच वर्षं तरी मागे वळून बघायला नको, अशी ग्वाही दिली होती. सप्टेंबरात त्याच माणसापुढे त्याच यंत्राचं नाव काढलं, तर त्याने घरात कुणी आजारी असल्यासारखा चेहरा केला. डिसेंबरात नवा प्रोसेसर आला. आधी आठ कोर होते, आता सोळा आहेत. मी त्यातले किती वापरतो हे विचारू नकोस, दुकानदारानेही विचारलं नाही.

पण फरक दिसतो गं. दुसऱ्या यंत्रावर बटणाची चार भोकं नीट दिसू लागली, तिसऱ्यावर भोकांतला दोरा. आता चौथ्यावर दोऱ्याचा एकेक तंतू दिसतो. एकदा तंतू दिसला की मागचं सगळं काम लाजिरवाणं वाटतं आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. दिवसभर स्टुडिओत साबणाच्या जाहिरातींत फेस उडवायचा, तो कसाही उडाला तरी चालतो. आईने तीस वर्षं कोट शिवले आहेत. तिच्यापुढे चुकीचा टाका ठेवायची माझी हिंमत होत नाही.

कळावे. टोमण्यांसकट लोभ असू द्यावा.

तुझा
बाब्या

दि. २ मार्च

चि. बाब्यास,
अ. उ. आ.

फोन करायचा सोडून लिहिते आहे, कारण फोन आईच्या खुर्चीशेजारी आहे आणि तिचे कान शाबूत आहेत.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. दोन्ही डोळ्यांतला मधला भाग जातो आहे. कडेचं दिसत राहील, समोरचं पुसत जाईल. औषधाने वेग कमी होतो, थांबत नाही. वर्षाच्या शेवटापर्यंत माणसांचे चेहरे ओळखता येणार नाहीत असं ते म्हणाले. बाहेर आल्यावर आई म्हणाली की आता सुईत दोरा ओवून दे म्हणून कुणी मागे लागणार नाही, हा एक फायदाच झाला. मग जिन्यात थांबून तिने विचारलं, बाब्याचं बटण पडलं का. एरवी मी पडतंय म्हणून सांगते. या वेळी माझ्या तोंडून निघालं नाही.

थट्टा पुरे. तिला तो चित्रपट बघायचा आहे. जूनपर्यंत कर, जसा होईल तसा कर. तंतू नसले तरी चालतील.

कळावे. लोभ आहेच, काळजीही आहे.

ताई

दि. २० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. मग कागद घेऊन बसलो.

आज काम सुरू केलं तर या यंत्रावर चित्रपट ऑगस्टअखेर पुरा होतो. पण मे महिन्यात येणारा प्रोसेसर याच्या दुप्पट वेगाचा आहे. तोवर थांबून त्याच्यावर केला तर जुलैअखेरच होतो. म्हणजे लवकर संपवायचं असेल तर आत्ता काहीही करता कामा नये. तू कपाळाला हात लावशील हे मला ठाऊक आहे, पण गणित मी तीनदा तपासलं. आईला सांग, या वेळी नक्की.

कळावे. लोभ आहे तसाच मेपर्यंत टिकवावा.

बाब्या

दि. २८ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नवं यंत्र आलं. वेग खरोखरच दुप्पट आहे. इतका, की आता पडणाऱ्या बटणात समोरच्या खिडकीचं प्रतिबिंबही दाखवता येतं. ते दाखवायला घेतलं म्हणून काम तिप्पट झालं. आज सकाळीच वाचलं, ऑक्टोबरात येणारा प्रोसेसर प्रतिबिंबांसाठीच बनवला आहे. तू काही बोलण्याआधी मीच कान धरतो.

कळावे. उरलासुरला लोभ असावा.

बाब्या

दि. ९ जून

चि. बाब्यास,
अ. उ. आ.

तुझं गणित मी घरात लावून पाहिलं. पुढच्या महिन्यात जास्त फेसाचा साबण येणार आहे, सबब आज भांडी घासली नाहीत. ह्यांना ते इतकं पटलं की तीन दिवस सिंककडे फिरकले नाहीत.

आता खरं काय ते सांगते. रविवारी आईची रिळं गडगडली, म्हणून खालचं तुझं पहिलं यंत्र पुसायला बाहेर काढलं. निव्वळ दुष्टपणाने, तुला दाखवून द्यावं म्हणून, त्याला तिसऱ्याचा पडदा जोडला. दोनदा खोकलं आणि चालू झालं. आत एक फाइल सापडली. तिला तू नाव दिलं होतंस, कच्चं, कुणालाही दाखवू नये. तारीख पाच वर्षांपूर्वीची. उघडली तर अख्खी सहा मिनिटं! ठोकळ्यांचा जिना, ठोकळ्यांचा रस्ता, राखाडी बटण आणि गोष्ट सांगणारा तुझा आवाज. मध्येच सर्दीने शिंकतोस, तेही तसंच ठेवलं आहेस. पुढच्या कामाचा नुसता आराखडा म्हणून तीन आठवड्यांत उरकलंस आणि साफ विसरून गेलास. बटण पाच वर्षांपूर्वीच पडलं होतं रे, आणि वर आम्ही रिळं रचत होतो.

आईला समोर बसवलं. ती आता मान वळवून डोळ्याच्या कडेने बघते. तुझे तंतू, तुझी भोकं, तुझ्या खिडक्या, यांतलं काहीएक तिच्यापर्यंत पोचलं नसतं. ठोकळे मात्र दिसले. बटण जिना उतरायला लागलं तशी ती खुदकन हसली. मुलीच्या कोटावर जाऊन बसलं तेव्हा तिने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाली की निळा रंग अगदी बरोबर धरलाय त्याने. मी हो म्हटलं. तिने तीनदा पाहिला. मी आत जाऊन रडले. दाखवू नये असं लिहिलेलं दाखवलं, म्हणून रागवायचं असेल तर रागव.

सोबत आईची चिठ्ठी आहे. पट्टी धरून तिने स्वतः लिहिली आहे. ओळी एकमेकींवर चढल्या आहेत, मी त्यांना हात लावलेला नाही.

कळावे. लोभ जुना झाला तरी चालतो, असू दे.

ताई

चि. बाब्यास,
आशीर्वाद.

पिक्चर पाहिला. छान आहे. सर्दी झाली की वाफ घेत जा. आपल्या जिन्याला अकरा पायऱ्या होत्या, तू नऊच केल्यास. राहू देत, बटण दमलं असतं.

एक मोठी चूक आहे. बटण जमिनीवर पडतं तेव्हा आवाजच येत नाही. खरं बटण आधी टण्‌कन उडतं, मग गोल गोल फिरतं आणि मग थरथरत आडवं होतं. तीस वर्षं ऐकलंय मी. तुझ्या एकाही यंत्रात तो आवाज नसणार.

गोष्टीतलं ते निळं बटण माझ्या डब्यात आहे. टपालाने पाठवणार नाही, हरवेल. ऑक्टोबरात काहीतरी नवीन येणार आहे असं ताई म्हणते. तू त्याच्या आधी ये. अजून जवळ आलास तर तुझा चेहरा मला दिसतो.

मी बटण पाडीन, तू आवाज घे.

आई