दम न घेणारं गाणं

प्रिय आई,

ओसाकाहून तुह्या पाया पडते. मी बरी आहे, वरणभात रोज करते. बाबाचा खोकला कसा आहे?

तू विचारत होती, सुट्टीले एकटीच बसते का म्हणून. तर काल कामावरच्या पोरी मले कराओकेले घेऊन गेल्या. तिथं खोली भाड्यानं घेतात अन् पडद्यावरचे शब्द पाहून माईकवर गातात. इथल्या पोरायले कॉम्प्युटरनं बनवलेल्या आवाजाची गाणी लय आवडतात. त्या आवाजाले नरडंच नाई, मंग तो दम कायले घेईन? मी मात्र भाव खायले त्यातलंच सगळ्यात भरभर गाणं निवडलं अन् अर्ध्यातच धापा टाकत बसली. बाकीच्या बिचाऱ्या नुसत्या पाहून राह्यल्या होत्या.

मंग तुही आठवण आली. भुलाबाईची गाणी म्हणाले पोरी जमल्या अन् एखादी बुजली का तू सगळ्यायले टाळी देता येईन असंच गाणं घेते ना? मी तसंच शोधलं, ज्यात मधामधात सगळ्यायनं ओरडायचं असते. त्यातही माहा दम तुटला, पण गाणं नाई तुटलं. पोरीयनं ते उचलून धरलं.

यंदा आपल्या वडनेरले भुलाबाई मांडली का?

आज फोन नाई करत, हे पत्रच फोटो काढून आपल्या शेजारच्या रजतदादाच्या मोबाईलवर पाठवते. माहा घसा बसला आहे, अन् तसा आवाज ऐकून तुले वाटन का मी रडली. खरंच सांगते आई, या खेपेले गाऊन बसला आहे.

तुही लाडाची,
सुरभी